रात्री शेतात दूरची एएम स्टेशनं पकडायची कशी

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं अन् रोही काही झोपू देत नाहीत, त्यामुळं आमच्याकडं दारव्हा तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत अर्धं गाव जागलीला शेतात असतं. मचाणावर रात्र काढायची तर सोबत लागतेच, माझ्या बाबांनी ती रेडिओची धरली होती अन् त्यांच्यापासून ती सवय मला लागली. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या धुऱ्यावरचे काका रात्री नऊ-साडेनवाला मचाणाखाली येऊन उभे राहिले अन् म्हणाले, "काऊन रे बापू, हा बंगाली कोठून बोलून राह्यला?" बांगलादेशातलं ढाका स्टेशन लागलं होतं, ६९३ किलोहर्ट्झवर. काकांना वाटलं मी काही महागाचा सेट आणला असंल. सेट बाबांचाच होता, जुना तीन बँडचा, हँडल तुटलेलं म्हणून सुतळी बांधलेली.

तेव्हापासून गावातली चार-पाच पोरं विचारत असतात की भाऊ कोणता सेट घ्यायचा, आमच्या रेडिओवर तं नुसती खरखर येते. तर आधी सेट बदलू नका, जागा बदला, दिशा बदला अन् वेळ बदला, तुमच्या घरात पडलेल्या सेटवरच हजार-बाराशे किलोमीटरवरचं स्टेशन येईल. कसं, ते सगळं एकदाचं इथं लिहून काढतोय.

आधी रात्री वर आभाळात काय होतं ते समजून घ्या, ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं. एएम म्हणजे आपल्या डायलवर एमडब्ल्यू लिहिलेला पट्टा, ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत. स्टेशनच्या टॉवरमधून निघालेली लहर दोन वाटांनी जाते, एक जमिनीला धरून अन् एक वर आभाळाकडं. जमिनीची लहर जाईल तितकी विरत जाते, माती ओली असली तर जरा लांब जाते, खडकाळ मुरूम असला तर लवकर मरते. आभाळाकडं गेलेली लहर दिवसा कामाची नसते कारण साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर उन्हामुळं हवेचा एक विद्युतभारित थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात, तो मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य बुडाला की हा थर थोड्या वेळात विरून जातो. त्याच्या वर शंभरेक किलोमीटरवर ई थर अन् त्याच्याही वर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर एफ थर असतो, ते रात्रीही बरेच टिकून राहतात अन् लहरीला आरशासारखं खाली परत पाठवतात. ती खाली येते ती थेट शेकडो किलोमीटर लांब, एका उडीत दोन हजार किलोमीटरसुद्धा. १९२४ मध्ये इंग्लंडात ॲपलटन यांनी बीबीसीच्याच ट्रान्समीटरवर प्रयोग करून असा परत पाठवणारा थर खरंच वर आहे हे दाखवून दिलं अन् त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडं कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच थरांच्या अभ्यासात आयुष्य घातलं, त्यांचं नाव आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एफएमचं असं होत नाही, ती लहर हे थर भेदून वर निघून जाते, म्हणून एफएमवर रात्र असो की दिवस तेच.

अन् आपण विदर्भातले लोक या बाबतीत नशीबवान आहोत, कारण आपण देशाच्या मधोमध बसलोय, चारी दिशांची स्टेशनं साधारण सारख्या अंतरावर पडतात. आकाशवाणीनं सुद्धा हेच पाहिलं होतं. १९८८ मध्ये रात्रीच्या प्रसारणासाठी राष्ट्रीय चॅनल सुरू केलं तेव्हा नागपूरजवळ बुटीबोरीला १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर बसवला, १५६६ वर, म्हणजे मधातून फेकलं की रात्री आभाळाच्या वाटेनं सगळ्या देशात पोचेल. माझ्या बाबांना त्या चॅनलवरच्या रात्रीच्या बातम्या अन् जुनी गाणी पाठ होती. २०१८ सरता सरता ते चॅनल बंद करायचं ठरलं. देशभरात कितीतरी मीडियम वेव्ह ट्रान्समीटर असेच एकेक करून बंद होत आहेत, म्हणून मी सगळ्यांना म्हणतो की जे ऐकायचं ते आता ऐकून घ्या.

आता कामाचं. सगळ्यात आधी खरखर कमी करा. दूरच्या स्टेशनचा सिग्नल कमी असतो ही अर्धीच गोष्ट आहे, बहुतेक वेळा सिग्नल आलेला असतो पण आपल्याच घरातल्या खरखरीखाली दबलेला असतो. हे करून पाहा, रात्री आठच्या पुढं सेलवर चालणारा रेडिओ घ्या, डायलवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावा, आवाज वाढवा अन् घरात फिरा. एलईडी बल्बजवळ नेला की घर्रर्र, मोबाईलच्या चार्जरजवळ नेला की वेगळीच शिट्टी, इन्व्हर्टरजवळ तर विचारूच नका. हे सगळे आतल्या आत हजारो वेळा चालू-बंद होत असतात अन् स्वस्तातल्या मालात तो गोंधळ अडवणारा फिल्टर बसवलेला नसतो. एकदा मेन स्विच पाडून पाहा, लगेच फरक कळेल. लोडशेडिंगची रात्र म्हणजे तर रेडिओवाल्याची दिवाळी, गावची लाईट गेली की मी पहिला रेडिओ काढतो.

शेतात हा त्रास कमी पण तिथं दुसराच पाहुणा आहे, झटका मशीन. आता जवळपास सगळ्यांनी लावलीय, त्याशिवाय पीक राहत नाही. ती तारेत सेकंदाच्या अंतरानं झटका सोडते अन् रेडिओवर टक… टक… टक असं सगळ्या डायलवर ऐकू येतं, कारण ती तार म्हणजे शेताभोवती पसरलेला मोठा अँटेनाच होऊन जातो. मशीन बंद करा असं मी कधीच सांगणार नाही, एका रात्रीत डुकरं अख्खी ओळ उखडून टाकतात. पण मला दोन वर्षांत एक गोष्ट कळली की नीट लावलेल्या तारेचा त्रास खूप कमी असतो. जिथं गवत तारेला टेकलंय, जोड सैल झालाय, इन्सुलेटर तडकलाय तिथं ठिणगी उडते अन् खरी खरखर त्या ठिणगीची असते. अंधारात तारेच्या कडेकडेनं, तारेला हात न लावता, चालत गेलं तर ती ठिणगी दिसते पण अन् ऐकू पण येते. सकाळी मशीन बंद करून ते गवत काढलं, जोड घट्ट केला की झटका पण जोरात बसतो अन् रेडिओ पण शांत होतो. बाकी तारेपासून जितकं लांब तितकं बरं, आमचं मचाण आधी धुऱ्याला लागून होतं ते मी शेताच्या मधात आणलं. डीपीपासून अन् अकरा केव्हीच्या लाईनपासून पण लांबच बसा.

दुसरी गोष्ट, रेडिओ फिरवा. बरेच जण एएमसाठी ती वरची दांडी ओढून लांब करतात, तिचा एएमशी काही संबंध नाही, ती एफएम अन् शॉर्टवेव्हची. एएमचा अँटेना आतमध्ये असतो, काळा फेराईट रॉड अन् त्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, बहुतेक सेटमध्ये तो लांबीच्या बाजूनं आडवा बसवलेला असतो. जुन्या सेटमध्ये हा रॉड चांगला वीतभर असायचा, आताच्या पेनड्राइव्हवाल्या छोट्या सेटमध्ये बोटाएवढाच असतो, म्हणून सांगतो जुना सेट भंगारात देऊ नका. या रॉडला दिशा कळते. स्टेशन रेडिओच्या तोंडासमोर किंवा पाठीमागं असलं तर सगळ्यात जास्त सिग्नल, अन् रॉडचं टोक स्टेशनकडं केलं तर सगळ्यात कमी. रेडिओ उभा ठेवून हळूहळू गोल फिरवा, पाव चक्करमध्ये स्टेशन जागेवर येतं किंवा गायब होतं.

हे गायब होणं फार कामाचं आहे बरं का, लोक ते विसरतात. उदाहरण देतो. आमच्याकडं नागपूर ५८५ वर जोरात येतं, अन् त्याच्या शेजारी ५७६ वर केरळातलं आलप्पुळा आहे, बाराशे किलोमीटर दूर. साधं लावलं तर नागपूरचाच आवाज तिथं सांडलेला असतो. मी रॉडचं टोक ईशान्येला, नागपूरकडं करतो, नागपूर दबतं, अन् आलप्पुळा दक्षिणेला असल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही, मग मल्याळम ऐकू यायला लागतं. तुमचं गाव भंडाऱ्याकडं असलं तर नागपूर पश्चिमेला पडेल, तुमचं गणित वेगळं, नकाशा काढून एकदा दिशा लिहून ठेवा. फक्त एक लक्षात घ्या, समोरासमोरच्या दिशा रॉडला वेगळ्या कळत नाहीत, पूर्वेचं दाबलं की पश्चिमेचं पण दबतं.

आता लूप, म्हणजे रेडिओशेजारी ठेवायचा तारेच्या वेढ्यांचा मोठा अँटेना. ज्याला खरंच नाद लागला त्यानं हा बनवावाच, दोन-अडीचशे रुपयांच्या आत होतो अन् एकाही तारेनं रेडिओला जोडायचा नसतो. लाकडाच्या दोन पट्ट्यांची फुली करा, अशी की तिच्या टोकांवरून तार गुंडाळल्यावर ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन होईल, म्हणजे पट्टी साधारण ८५ सेंटिमीटर लांब घ्या. टोकांवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा. तार मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मिळते, पंपाची मोटर भरणाऱ्याकडं एनॅमलची उरलीसुरली तार असतेच, २२-२४ नंबरची चालते, नाही तर घरफिटिंगची साधी एकेरी वायर. तीस मीटर घ्या अन् १२ वेढे मारा. दोन्ही टोकं गँग कंडेन्सरला, म्हणजे रेडिओत स्टेशन लावायला फिरवतो त्या आतल्या भागाला, जोडा. गँग जुन्या व्हॉल्व रेडिओतला पत्र्याच्या पात्यांचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, ५०० पिकोफॅरडच्या आसपासचा असला तर १२ वेढ्यांत ५३१ पासून वरपर्यंत सगळा पट्टा येतो. ट्रान्झिस्टरमधला छोटा प्लॅस्टिकचा गँग असेल तर त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडा अन् वेढे दोन-चार वाढवा. एनॅमलची तार असेल तर टोकं ब्लेडनं खरवडून मगच डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, माझा पहिला लूप तीन दिवस मुका होता तो एवढ्याच कारणानं.

वापरायचं असं, रेडिओवर हवं ते स्टेशन लावा, फुसकं येत असलं तरी चालेल. लूप उभा धरा, त्याची कड स्टेशनच्या दिशेला, सपाट तोंड नाही. रेडिओ लूपच्या जवळ वीतभर अंतरावर असा ठेवा की आतला रॉड, जणू लूपच्या चौकोनातून आरपार काठी घातलीय, तशा दिशेत येईल. मग गँग हळू, अगदी हळू फिरवा. एका जागी आवाज असा उसळून येतो की मचाणावर पहिल्यांदा मी दचकलो होतो. ती जागा फार बारीक असते, केसभर इकडं-तिकडं झालं की गेलं. कधी फार जवळ ठेवला तर रेडिओ शिट्ट्या मारतो, मग थोडा लांब सरकवा. काही जणांना लूपपेक्षा लांब तार बांधायला आवडतं, वीस-तीस मीटर झाडाला बांधायची अन् टोकाचे चार-पाच वेढे रेडिओभोवती गुंडाळायचे, येतं तसंही पण खरखर पण तितकीच ओढून आणतं, मला लूपच जास्त पटतो. तार बांधणारच असाल तर विजेच्या लाईनखाली किंवा तिच्यावर पडेल अशी चुकूनही बांधू नका, अन् झटक्याची तार अँटेना म्हणून वापरायचा विचार मनात पण आणू नका. जूनपासून तार उतरवूनच ठेवा. आपल्याकडं दरवर्षी शेतात वीज पडून माणसं जातात, आभाळ गडगडलं की रेडिओ बंद, तार सोडा, झाडाखालून निघा.

पावसाळ्यात तसंही मजा नसते, दूरवरच्या विजांची कडकड रेडिओवर रात्रभर चालू असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, रात्र मोठी अन् विजा कमी. त्यातही सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं, डाग कमी असलेल्या वर्षांत मीडियम वेव्हवर दूरचं जास्त चांगलं येतं.

कोणत्या वेळी काय लावायचं? अंधार पूर्वेकडून येतो, तसंच स्टेशनं पण पूर्वेकडून येतात. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, आमच्यापेक्षा कोलकात्याचा सूर्य चाळीसेक मिनिटं आधी बुडतो. डिसेंबरात आमच्याकडं पावणेसहाला सूर्य बुडायच्या बेतात असतो तेव्हाच ५९४ वर पश्चिम बंगालमधल्या चिन्सुऱ्याचा १००० किलोवॅटवाला आकाशवाणी मैत्रीचा बंगाली आवाज डोकं वर काढतो, अन् ६९३ वर ढाका. मग सगळीकडून गर्दी होते, ७३८ हैदराबाद, ८०१ जबलपूर, ७२० चेन्नई, ६१२ बंगळुरू. ८८२ वर श्रीलंकेतल्या पुत्तलमचं स्टेशन येतं, तमिळ अन् इतर भाषांतले ख्रिस्ती कार्यक्रम असतात. राजकोट पश्चिमेला, तिथं सूर्य आमच्यानंतर अर्ध्या तासानं बुडतो, म्हणून ८१० वरची गुजराती सातनंतरच जमते, अन् रात्र चढली की आखाती देशांतल्या अरबी-फारसी स्टेशनांची पाळी येते. वेळा अन् ट्रान्समीटर बदलत असतात, एखादं दोन रात्री आलं नाही तर तिसऱ्या रात्री पाहा.

स्टेशन कोणतं ते ओळखायला भाषा तर आहेच, पण घड्याळ पण ठेवा. आपल्या घड्याळात साडेआठ वाजता जर एखाद्या स्टेशनवर वेळेची पिप-पिप होऊन बातम्या सुरू झाल्या तर ते बांगलादेश किंवा पाकिस्तान किंवा आखातातलं अरबी स्टेशन असायची शक्यता जास्त, कारण त्यांचा तास आपल्या अर्ध्यावर पडतो. श्रीलंकेचं घड्याळ मात्र आपल्यासारखंच. डिजिटल सेट असेल तर तो ९ च्या स्टेपवर आहे का, म्हणजे एकेक टप्प्याला ९ किलोहर्ट्झ पुढं सरकतो का, ते पाहा, आपल्याकडची सगळी मीडियम वेव्ह स्टेशनं ९ च्या पाढ्यात बसतात, ५८५, ५९४, ६९३ करा भागाकार. अमेरिकेत १० ची स्टेप चालते अन् काही सेट त्याच सेटिंगवर येतात, मग स्टेशन कधीच नीट जागेवर सापडत नाही अन् माणूस सेटला दोष देतो.

एक प्रश्न मला हमखास येतो, नागपूर इतकं जवळ असून दिवसा स्वच्छ अन् रात्री खालीवर का होतं, कधी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा का येतो. आम्ही नागपूरपासून सरळ रेषेत दीडशेच्या वर किलोमीटर आहोत. दिवसा आमच्याकडं फक्त जमिनीची लहर येते, ती स्थिर. रात्री तीच लहर येते अन् सोबत आभाळातून परत आलेली पण येते, जवळपास तितक्याच जोरात. दोघी एकमेकींना मिळाल्या तर आवाज वाढतो, उलट्या पडल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात, अन् वरचा थर सारखा हलत असल्यानं हे मिनिटामिनिटाला बदलतं. म्हणजे जवळ असणं हीच अडचण झाली, नागपूर शहरात हा त्रास नाही अन् हजार किलोमीटरवर वेगळ्या तऱ्हेचा. उपाय पूर्ण नाही, पण डायल स्टेशनच्या जरा एका बाजूला सरकवून ठेवला तर बुडबुडणं बरंच कमी होतं.

ज्यांच्याकडं टेकसनचा पीएल-३१० सारखा आकडे दाखवणारा सेट आहे त्यांनी दोन्ही आकडे पाहायचे. पहिला सिग्नलचा जोर, दुसरा खरखरीच्या मानानं सिग्नल किती वर आहे तो. पहिला ६ नं वाढला म्हणजे व्होल्टेज दुप्पट, २० नं वाढला म्हणजे दहापट. पण पहिला मोठा अन् दुसरा शून्य असेल तर तो जोर खरखरीचा आहे, खुश होऊ नका. मी जागा ठरवताना दुसरा आकडाच पाहतो.

अन् वही ठेवा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, काय ऐकलं, रेडिओचं तोंड कोणत्या दिशेला होतं, आभाळ कसं होतं, एवढं एका ओळीत. बाबांची एक वही माझ्याजवळ आहे, कापसाच्या वेचणीचा हिशेब अन् त्याच पानावर समासात "जबलपूर साफ, ९.१०" असं लिहिलेलं. तिच्यामुळं मला कळलं की आमच्या या जागेवरून हिवाळ्यात काय येतं अन् काय गेलं. ऐकलेलं नीट तपशिलात लिहून स्टेशनला पाठवलं तर काही स्टेशनं खात्रीचं कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात.

झोपणार नसाल तर पहाटेची साडेपाच ते सातची वेळ सोडू नका. सगळं उलट्या क्रमानं जायला लागतं पण त्या आधी काही मिनिटं एखादं स्टेशन असं उसळून येतं की रात्रभर तसं आलेलं नसतं. डिसेंबरात ढाक्याला आपल्या घड्याळानं सहाच्या सुमाराला उजाडतं, ते आधी विरतं, मग चिन्सुरा, मग एकेक करत सगळी. राजकोट आमच्याकडं ऊन पडलं तरी थोडा वेळ तग धरून असतं. साडेसातला डायल फिरवली की नागपूरच काय ते उरतं, न हलता, स्वच्छ. तेव्हा लूप मचाणावरून उतरवा, दवानं तार अन् गँग ओली झालेली असते ती फडक्यानं पुसा, अन् चार-आठ दिवस परत येणार नसाल तर रेडिओतले सेल काढून ठेवा, गळाले तर स्प्रिंग खाऊन टाकतात.